मेलेला हायपो

हरेश गावंडांनी आयुष्यात हौसेने काढलेले पहिले छत्तीस फोटो उमटलेच नाहीत. एकही नाही. एखाददुसरा फोटो हुकला तर माणूस हळहळतो, दहा हुकले तर कॅमेऱ्याला दोष देतो. पण छत्तीसच्या छत्तीस कोरे निघाले म्हणजे दोष कोणाचा हे ठरवायला चौकशी समिती लागत नाही. त्यातून त्या छत्तिसांत रामवाडीतल्या त्यांच्या सोसायटीचे चेअरमन पोपट मोकल सहकुटुंब होते. भर मे महिन्यात ते कोट घालून उभे राहिले होते. नव्वदीच्या आईला खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं होतं, आणि तान्ह्या नातवाला गप्प करण्यासाठी घरातल्या चार माणसांनी आळीपाळीने मांजराचे आवाज काढले होते.

"म्हणजे आम्ही गेलो कुठे?" फिल्मची ती पारदर्शक पट्टी उजेडात धरून पोपटरावांनी विचारलं.

"कॅमेऱ्याच्या आत दाते असतात. त्यात फिल्म अडकली नव्हती. वरून बटण वाजत होतं, आत रोल सरकतच नव्हता."

"आणि हे तुम्हाला छत्तीस वेळा कळलं नाही?"

हरेशना एकदाही कळलं नव्हतं. पोपटरावांनी पट्टीची गुंडाळी करून ती त्यांच्या हातात ठेवली. नंतर जिन्यात भेटले की ते हरेशकडे न बघता भिंतीवरच्या मीटरकडे बघत जाऊ लागले.

तसे हरेश गावंड चुकणारे गृहस्थ नव्हेत. डोलवीला एका ठेकेदाराच्या हाताखाली त्यांनी सव्वीस वर्षं कामगारांची हजेरी घेतली होती. आठशे-नऊशे माणसं ते तोंडावरून ओळखत. कोण भावाच्या नावावर शिफ्ट मारतोय, कोणाची मिशी कालच उतरलीय, सगळं त्यांना पाठ. मग ठेकेदाराने गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. त्याला चहा लागत नाही, गणपतीला रजा लागत नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हरेश घरी बसले. पहिले आठ दिवस त्यांनी माळा आवरला, पुढचे आठ दिवस आवरलेला माळा बायकोला दाखवला, आणि तिसऱ्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात उभं राहून फोडणीबद्दल सूचना देऊ लागले. बायको नम्रता पंचायत समितीत नोकरीला. ती म्हणाली, "अहो, कशात तरी मन रमवा. पण माझ्या कढईत नको."

एका नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता म्हणून ते रोह्यात एका जुन्या स्टुडिओत शिरले, आणि तिथेच हे सगळं सुरू झालं. स्टुडिओचे मालक गोविंदा धनावडे, वय शहात्तर. त्यांनी मोबाइलएवढ्या कॅमेऱ्यात फोटो काढला, पडद्यावर बघितला आणि म्हणाले, "चेहरा पडलाय हो तुमचा. परत काढू काय?"

"पडलेलाच आहे. परत काढून काय होणार?"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग काचेच्या कपाटातला एक जड, काळा कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "पूर्वी ह्यात फोटो काढला का बघायला आठवडा लागं. तवर माणूस आशेवर जगं. शिकायचंय काय?"

गेल्या चार महिन्यांत लोकांनी हरेशना "मग आता काय?" याखेरीज काहीही विचारलं नव्हतं. ते हो म्हणाले. नोकरी काही मिळाली नाही. कॅमेरा तेवढा मिळाला.

आठवड्यातून दोनदा पेणहून रोह्याची गाडी पकडायची आणि स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन ओरडून घ्यायचं, असा शिक्षणक्रम सुरू झाला. ओरडून घ्यायचं हे खरं. गोविंदाकाका शिकवत नसत. अंधारात फिल्म चाचपडत चकरीवर चढवताना ती दुमडली की काका न बघता, नुसत्या आवाजावरून ओरडत. थर्मामीटर बघायचा राहिला की ओरडत. फिल्म धुवायचं औषध वीस अंशांवर लागतं, आणि मे महिन्यात रोह्यात वीस अंशांवर फक्त मासळीबाजारातला बर्फ असतो. तेव्हा हरेश बर्फ आणत, औषधाची बाटली त्यात बुडवून ठेवत, आणि संध्याकाळी घरी परतले की नम्रता विचारी, "फोटो शिकताय की बोंबील विकताय?"

काकांच्या बायको विमलकाकी शेजारच्या खोलीत वाल सोलत बसलेल्या असत. त्या काही बोलत नसत. काका एकटे दोघांचं बोलत.

पहिला रोल कोरा गेल्यावर दुसऱ्याच्या वेळी हरेशनी फिल्म दात्यांत अडकली आहे ना हे नऊ वेळा तपासलं. फोटो काढले, रोल डबीत भरला, औषधं ओतली. औषधं दोन. डेव्हलपर चित्र उमटवतो आणि हायपो नको ते काढून टाकून चित्र पक्कं करतो. दोन्ही पाण्यासारखी दिसतात, आणि काकांनी दोन्ही कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरली होती. हरेशनी आधी हायपो ओतला. चित्र उमटायच्या आधीच सगळं धुऊन निघालं. पुन्हा छत्तीस कोरे.

"अरे, शिजवायच्या आधी जेवलास तू!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले, की बाहेर पासपोर्ट फोटोला बसलेल्या बाईंनी डोळे मिटले आणि तो फोटोही फुकट गेला.

तिसरा रोल मात्र उठला. छत्तिसातले अकरा. त्यांत कासूच्या फलाटावरचं एक बाकडं होतं, मिठागराच्या बांधावर उभे असलेले दोन बगळे होते (त्यांतला एक पुढे गोण असल्याचं निष्पन्न झालं), आणि शेवटच्या फ्रेममध्ये खुद्द गोविंदाकाका होते. हरेशनी कॅमेरा वर केला तेव्हा काका हात उगारून "माझा नको काढूस, फिल्म फुकट जाईल!" असं म्हणत होते. तेवढ्यात बटण दाबलं गेलं. तोंड उघडं, बोट वर, भुवया कपाळात. काकांनी ती निगेटिव्ह उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "शार्प आलाय." त्यांच्याकडून मिळालेलं एवढंच काय ते प्रमाणपत्र.

आता कागदावर छापायला शिकायचं, तर काकांचा मुलगा मितेश आडवा आला. त्याला मागच्या खोलीत फ्लेक्स छापायचं मशीन बसवायचं होतं. अंधाऱ्या खोलीची खिडकी उघडली, भिंतींना पांढरा रंग लागला. काका त्या दिवशी ओरडले नाहीत, ही गोष्ट हरेशच्या ध्यानात आली. फोटो मोठा करायचं यंत्र, तीन ट्रे, लाल दिवा आणि कागदाची अर्धी पेटी काकांनी त्यांच्या हवाली केली. "तुज्या घरी लाव. मी येऊन शिकवीन. हितं मला काय जागा रायली नाय."

ते यंत्र उभं, लांब मानेचं, वर पत्र्याचं डोकं असलेलं. परतीच्या गाडीत प्रवाशांना चैन पडेना. शिलाई मशीन नव्हे, हे सर्वानुमते ठरलं. कासूला चढलेल्या एका आजीने जवळ येऊन आपला उजवा डोळा ताणून धरला. "डागदर, ह्या डोल्यान पानी येतंय. तपासा जरा." हरेशनी आपण डॉक्टर नसल्याचं सांगितलं. आजी म्हणाली, "मंग मिशीन कशाला घेऊन फिरताव?" हा प्रश्न त्यांनाही गेले काही दिवस पडत होता.

घरात काळोख होईल अशी एकच जागा, मोरी. खिडकीला काळं रेक्झीन ठोकलं, दाराच्या फटीत गोधडी कोंबली, ड्रमवर फळी टाकून त्यावर यंत्र बसवलं. नम्रता साडेनऊला ऑफिसला गेली की मोरी हरेशची. ती सहाला परत यायच्या आत मोरी पुन्हा मोरी व्हायला हवी, असा तह झाला. पहिल्या दिवशी वीज गेली. काळोखासाठी एवढी खटपट केलेल्या या खोलीत अखेर पुरेसा काळोख झाला, पण यंत्रालाही वीज लागते. दुसऱ्या दिवशी रेक्झीनच्या कडेने लाल उजेड बाहेर दिसला आणि समोरच्या इमारतीत चर्चा सुरू झाली. एका मताने गावंड अंडी उबवत होते. दुसऱ्या मताने नोकरी गेल्यापासून ते कुणा देवऋष्याच्या नादी लागले होते. तळमजल्यावरच्या काकूंनी सरळ येऊन सांगितलं, "हरेशभाऊ, काय करायचं ते अमावास्येला नका करू. आमच्याकडे तान्हं हाय."

काका ठरल्याप्रमाणे दोनदा आले, मोरीत बादलीवर बसून ओरडले आणि फोटो कसा छापायचा ते शिकवून गेले. छापलेला फोटो शेवटी तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, हे कळलं तेव्हा हरेशचा चेहरा उतरला. सोसायटीला पाणी सकाळी चाळीस मिनिटं. त्यांनी दोन दिवस ते सगळं फोटोंवर सोडलं. तिसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली: 'काही सभासद पिण्याच्या पाण्याने कागद धूत असल्याचे निदर्शनास आले आहे.' खाली चेअरमनची सही. 'काही सभासद' या शब्दांखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या, आणि येता-जाता लोक त्या रेघांवरून हरेशच्या दाराकडे नजर टाकत होते.

याच सुमारास त्यांनी दोन किलो हायपो मागवला, आणि एका मंगळवारी सकाळी विमलकाकींचा फोन आला.

फोन त्यांचा असला तरी काकींना फोनवर बोलायची सवय नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "हरेशभाऊ, हे चा पीत व्हते. कप तसाच हाय."

हरेश रोह्याला पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागलासुद्धा होता. मितेशचंच मशीन, घरचंच काम. वडिलांचा फोटो घरात एकही सापडेना. साऱ्या गावाचे फोटो काढणारा माणूस स्वतः कधी कॅमेऱ्यापुढे उभा राहिला नव्हता. म्हणून मितेशने आधार कार्डावरचा फोटो मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला खाऊ घातला होता. ॲपने काकांना निळा सूट शिवला, टाय बांधला, केस काळे केले, गेलेले दात परत बसवले आणि गोरा रंग दिला. मागे हिमालय होता.

विमलकाकींना दोन बायकांनी धरून ओट्यावर आणलं. त्यांची नजर फ्लेक्सवर गेली.

"गल्लीत आजून कोन वारलं गो?" त्यांनी विचारलं.

मितेश खाली बघत राहिला. चांगला मुलगा होता, मनापासून केलं होतं त्याने. रडताना तो फ्लेक्सच्याच दोरीला धरून उभा होता.

स्मशानातून परतल्यावर काकींनी हरेशना आत बोलावलं. "तुमी काढलावता ना त्यांचा येक? त्यांनी सांगितलंवतं मला. शार्प आलाय म्हनले. त्येवढा द्या मला छापून. लोक भेटायला येतील, ते कोनाकडं बघून रडतील?"

हरेश म्हणाले, "परवा आणतो, काकी." हजेरीच्या वहीत सव्वीस वर्षं खाडाखोड न केलेला माणूस जसा शब्द देतो, तसा दिला.

घरचा हायपो वापरून वापरून पिवळा पडला होता. नवा हायपो पेणच्या एका कुरिअर ऑफिसात येऊन पडला होता, पण पिशवी फाटून पांढरी पावडर खोक्याबाहेर आली होती, आणि पांढरी पावडर म्हटल्यावर काऊंटरवरचा माणूस खोक्यापासून चार हात लांब बसला होता.

"यात काय आहे?"

"हायपो. फोटोचं औषध."

"फोटोला काय झालंय?"

हरेशनी समजावून सांगितलं. माणसाने ऐकून घेतलं आणि वरून आलेला नियम वाचून दाखवला. फाटलेलं रासायनिक पार्सल वापराच्या पुराव्याशिवाय सोडता येत नाही.

"पुरावा म्हणजे?"

"ज्यांच्या कामासाठी वापरणार, त्यांचं पत्र आणा. सहीनिशी."

"ते काल वारले."

माणसाने क्षणभर विचार केला. वाईट नव्हता तो. त्याला खरोखरच मार्ग काढायचा होता. "मग त्यांचा मृत्यूचा दाखला जोडा. झेरॉक्स चालेल, ओरिजिनल दाखवायला आणा."

दाखल्याला पंधरा दिवस लागणार होते. पनवेलच्या दोन दुकानांना फोन केले; एकाने हायपो वीस वर्षांपूर्वी बंद केल्याचं सांगितलं, दुसऱ्याने मेमरी कार्ड घेता का विचारलं. बुधवारी दुपारी हरेशनी मोरीचं दार लावलं आणि पिवळा हायपोच ट्रेमध्ये ओतला. थोडाफार जीव असेल, अशी स्वतःची समजूत घातली. ते मनात म्हणत होते, माणूस अडला की औषधावरची तारीख बघत नाही.

पेटीत पाच कागद उरले होते. पहिला कोळशासारखा काळा झाला. दुसऱ्यावर नुसतं एक उगारलेलं बोट आलं. तिसरा त्यांच्याच हातून ट्रेबाहेर निसटून फरशीवर पालथा पडला. चौथ्याला त्यांनी चौदा सेकंद उजेड दिला, कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि वाकून बघत राहिले. आधी भुवया आल्या. मग चष्म्याची कड, मग उघडं तोंड, आणि बघता बघता काका लाल उजेडात पुरेपूर ओरडू लागले. हरेशना वाटलं, आता म्हणतील, अरे किती वेळ ठेवतोस, उचल! त्यांनी चिमट्याने कागद उचलला आणि मोरीत एकटे उभे राहून "उचलला, काका" असं मोठ्याने म्हणाले. बाहेरून जिन्यात कुणाची तरी पावलं थबकली. जे काय समजायचं ते लोकांनी समजून घेतलं असेल.

पाणी गेलं होतं. फोटो एका बादलीत खळबळवला, वाळवला, चौकटीत घातला.

गुरुवारी तो रोह्याला भिंतीवर लागला, खिडकीच्या समोर, समईच्या वर. आलेली माणसं दारातच थांबत आणि म्हणत, "हे गोविंदा! हेच!" ज्याच्या त्याच्या लग्नात काका असेच ओरडले होते. मान वर कर, पोरीकडं बघ, हसू नको एवढा. माणसं बघून हसत आणि मग हसता हसता रडत. मितेशने गल्लीतला फ्लेक्स गुपचूप उतरवला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा हरेश ताठ बसले. कोणी विचारलं तर "मीच छापला" असं सांगू लागले, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगू लागले.

रविवारी सदऱ्याचा पांढरा रंग थोडा गुलाबी दिसला. हरेशनी समईच्या उजेडाला दोष दिला. सोमवारी समई विझवलेली होती, तरी सदरा गुलाबीच होता. बुधवारी तो विटकरी झाला, आणि त्यामागची भिंत, जी फोटोत स्वच्छ पांढरी होती, ती चहा सांडल्यासारखी झाली. मग रंग चेहऱ्यावर चढू लागला.

हरेश आता रोज रोह्याला जाऊ लागले. नम्रता म्हणाली, "गुरूवर एवढी माया करणारं माणूस आजकाल बघायला मिळत नाही." त्यांनी मान खाली घातली. ते मायेने जात नव्हते. गुन्हेगाराचे पाय जसे गुन्ह्याच्या जागी वळतात, तसे जात होते. कोपऱ्यात बसून ते बघत, काल कानापर्यंत होतं, आज गालापर्यंत आलंय. आणि भेटायला आलेली मंडळी निदान करत.

"जीव गुंतलाय कशाततरी. सुटत नाय."

"वास्तूचा दोष असल. उत्तरेची भिंत हाय."

"आमच्या मामांचाबी असाच काला पडलावता. मंग समजलं, जावयाशी भांडान व्हतं."

यावर सगळ्यांनी मितेशकडे बघितलं. मितेशला काही जावई नव्हता, तो स्वतःच अविवाहित होता. पण त्यालाही आपण खिडकी उघडून काळी खोली पांढरी केली ते आठवलं असावं. तो उठून बाहेर गेला. हरेशना तोंड उघडायचं होतं. दोष भिंतीचा नाही, खिडकीचा नाही, पोराचाही नाही, माझा आहे, हायपो मेलेला होता. पण खोलीत पंचवीस माणसं बसली होती, आणि दहा दिवस ते "मीच छापला" म्हणून सांगत होते.

तेराव्याला काका जांभळासारखे काळेनिळे झाले होते. उगारलेलं बोट तेवढं दिसत होतं. जेवणं उरकली, माणसं पांगली. मितेश मागे भांडी मोजून देत होता. हरेश काकींसमोर जाऊन बसले.

"काकी, मला एक सांगायचंय. फोटो काळा पडतोय ती चूक माझी. औषध संपलेलं होतं. मला माहीत होतं, तरी छापला. धुतलापण नाही नीट. आणि लोक इथे मितेशला बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो."

विमलकाकी वातीसाठी कापूस पिंजत होत्या. "ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमी आनलाव त्याच दिशी समाजलं. हातात घेतला तर पाठीमागं चिकाट. वासपन नाय गेलेला. जरा जीब लावून बघितली, तर हायपोची गोडी तशीच." त्यांनी कापसाची एक वात वळून बाजूला ठेवली. "येकेचालीस वर्सं धुतंय मी फोटो, भाऊ. हे काढायचं, छापायचं आन् माज्याकडं टाकायचं. हायपोतनं काडून धुवायचं काम माजं. तुमी यायचाव तेव्हा वाल सोलत असायची, कारन धुवायला काय नव्हतंच रायलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोराला बोललं सांच्याला, का तुजा दोष नाय. तुमाला काय बोलू? तुमी रोज यायचाव, कोपऱ्यात बसायचाव. बोललं असतं तर यायचं बंद झालं असतं." मग दुसरी वात वळत म्हणाल्या, "आन् घरात कोन ओरडत नाय आता. तेवडं तरी भिंतीवर रावदे म्हटलं, हाय तवर."

पुढच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला मिळाला. कुरिअरच्या माणसाने ओरिजिनलशी झेरॉक्स ताडून पाहिली, काकांचं नाव वहीत लिहिलं आणि दोन किलो हायपो हरेशच्या हवाली केला. 'कोणाच्या नावे' या रकान्यात 'कै. गोविंदा धनावडे' असं लिहिलेलं हरेशनी उलटं वाचलं आणि सही केली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने विमलकाकी पेणला आल्या. एकट्या. स्टेशनवर हरेश घ्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "आदी मोरी दाखवा." मोरी बघून त्यांनी पदर खोचला. बाटल्यांवरची लेबलं न वाचता झाकणं उघडून वास घेतला आणि दोन बाटल्या ओतून दिल्या. नवा हायपो बादलीत टाकून हाताने ढवळला. जसजसा तो विरघळत गेला तसतशी बादली बाहेरून गार पडली, पत्र्याला दव धरलं.

"हात लावा," त्या म्हणाल्या. "गार झाला का नाय? गार झाला म्हंजे जित्ता हाय."

कागद एकच उरला होता. हरेशनी तो घाईने यंत्राखाली सरकवला. काकींनी लाल दिव्यात त्यांच्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सावकाश." त्या मोरीत हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. हरेशनी चौदा सेकंद मोजले. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. पुन्हा भुवया, पुन्हा चष्मा, पुन्हा उघडं तोंड. काकींनी तो हायपोत घेतला, दहा मिनिटं खाली-वर केला, आणि मग पाट ओढून फरशीवर बसल्या.

"आता धुवायचं."

"पाणी नाहीये, काकी. चाळीस मिनिटंच येतं. नोटीस लागलीय."

"नळ कशाला? बादल्या बदलायच्या. रोह्याला तरी कुठं व्हतं पानी? बारा बादल्या, दर पाच मिंटांनी येक. सकाळचं भरलेलं हाय ना ड्रममदी?"

होतं. नम्रताने स्वयंपाकघरातला ड्रम भरून ठेवला होता. एवढी साधी गोष्ट तासभर वाहत्या पाण्याच्या हट्टात काकांनीही कधी सांगितली नव्हती. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावी. हरेश बादली भरून आणत, काकी फोटो पाण्यात हळूहळू फिरवत, आणि जुनं पाणी हरेश संडासात ओतत. चौथ्या बादलीला दारावर थाप पडली. पोपट मोकल होते. पाण्याचा आवाज खाली गेला होता.

"गावंड, हे काय चाललंय? सभेत ठराव झालाय—"

काकींनी मोरीतूनच मान बाहेर काढली. "कोन हाय? भाऊ, आलाव ते बरं झालं. ही धरा. तकडं वता, आन् भरून आना."

पोपटरावांनी बादली बघितली, त्या पांढऱ्या केसांच्या अनोळखी बाई बघितल्या, पाण्यातला फोटो बघितला. "कोण हे?"

"माजं मालक."

चपला दाराबाहेर काढून चेअरमननी बादली उचलली. पाचवी आणि सहावी त्यांनीच आणली. सातवीच्या वेळी ते दारात उभे राहून म्हणाले, "फार रागात दिसतात."

"रागात नाय," काकी म्हणाल्या. "फिल्म फुकट जाईल म्हनत व्हते."

त्या पाण्यात हात फिरवत राहिल्या. फोटोच्या कडेने, मग पाठीवरून, मग चेहऱ्यावरून अलगद, जसा तापातल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा. हरेश उंबऱ्यावर रिकामे हात घेऊन उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, क्षमा मागायची होती; पण काकी बोलल्या, त्याही त्यांच्याशी नव्हे, पाण्याशीच बोलल्यासारख्या.

"आख्ख्या रोह्याची लग्नं धुतली ह्या हातांनी. बारशी धुतली. मेलेलीपन धुतली. यांचा येवढा येकच रायलावता."

काकींनी पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि मान हलवली.

"नाय झालं आजून. पाच रायल्या."

हरेश वाकले, त्यांच्यासमोरची बादली उचलली आणि पाणी बदलायला गेले.